पोटातला रकाना

गंधारच्या कथेबद्दल तीच तक्रार तिसऱ्यांदा आली, तेव्हा कारखान्यात तक्रार आल्यावर तो जे करायचा तेच त्याने केलं. तक्ता बनवला.

तक्रार अशी होती, की त्याच्या कथेतली माणसं मनातलं सगळं बोलून टाकतात. पहिल्या कथेत नवरा बायकोला म्हणाला होता, "मला तुझा राग आलेला नाही. माझ्या वडिलांनी माझं कधी कौतुक केलं नाही, त्याचा राग मी तुझ्यावर काढतो आहे." दुसऱ्या कथेत अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांनी आपल्या एकटेपणाची चार कारणं सांगितली, पाचवं आठवेना म्हणून जरा थांबले, आठवल्यावर ते सांगितलं आणि मग प्राण सोडला. तिसऱ्या कथेत कुणी मेलं नाही. दोन प्रेमिकांनी एकमेकांना आपापल्या भावना क्रमवार सांगितल्या आणि शेवटी दोघांनीही "समजलं" म्हटलं.

यात गंधारचा फारसा दोष नव्हता. तमिळ मुलखातल्या ओरगडमच्या ट्रक कारखान्यात गेली नऊ वर्षं तो सूचनापत्रकं लिहीत होता. कामगाराने कुठला बोल्ट कुठे, कशाने आणि किती पिळायचा, ते मशीनशेजारी लटकवलेल्या कागदावर असतं ना, तो कागद गंधारचा. त्या कागदावर "बोल्ट नीट घट्ट करावा" असं लिहिलं, तर तपासणीला आलेला माणूस 'नीट'भोवती लाल गोल काढतो. नीट म्हणजे किती? बावीस न्यूटन मीटर. मग तसं लिही. ओळींच्या मधे काही ठेवलंस तर तिथे कुणाचं तरी बोट सापडेल. अशा माणसाने आजोबांना पाचवं कारण आठवल्याशिवाय मरू दिलं नाही, तर त्याला आपण काय म्हणणार?

तक्रार करणारे गृहस्थ म्हणजे बालाजीराव. नुंगंबाक्कमला पहिल्या मजल्यावर राहायचे. त्यांचे पूर्वज तंजावरला आले तेव्हाची मराठी त्यांच्या घरात अजून वापरात होती, फाटली तिथे तमिळचं ठिगळ लावून आणि बोलण्यात आपुलकीचं 'पा' पेरून. दर रविवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या हॉलमध्ये कथामंडळ भरायचं. मंडळात एकूण तीन माणसं. बालाजीराव, गंधार, आणि बालाजीरावांच्या भावाची नात सुष्मिता, जिला मराठी समजायची पण बोलताना तिचा निम्मा जीव जायचा. बालाजीरावांच्या पत्नी रत्नप्रभाबाई मंडळाच्या सदस्य नव्हत्या. त्या कॉफी आणायच्या, दाराशी उभ्या राहून ऐकायच्या, आणि वाचन संपलं की काही न बोलता आत जायच्या. तीन वर्षांत त्यांनी एकाही कथेवर मत दिलं नव्हतं. गंधारला त्या सगळ्यांत सौम्य समीक्षक वाटायच्या.

"तुमचीं माणसें फार बोलतात, पा," बालाजीराव तिसऱ्यांदा म्हणाले. "मी अडतीस वर्षें तारखात्यांत काढलीं. तारेंत शब्दागणिक पैका पडे. म्हणून लोक मोजकें लिहीत, आणि वाचणारा बाकीचें वाची. तारेंत आई नेहमीं आजारी असते. गेलेली कधींच नसते. पण तार हातांत पडली कीं घरांत रडें सुरू."

"पण काका, मग लिहायचं कसं?" गंधार म्हणाला. "आई गेली हे मला माहीत आहे, आणि लिहायचं आजारी?"

"लिहायचें आजारी."

"आणि वाचणाऱ्याला नाही कळलं तर?"

"कळतें." बालाजीरावांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "काल ही मला म्हणाली, पंखा बारीक करा. मी उठलों आणि बहिणीला फोन लावून तिची माफी मागितली."

सुष्मिता हसली. गंधार हसला नाही. तो वहीत लिहून घेत होता.

"हिला पंख्याचें कांहीं नव्हतें," बालाजीराव म्हणाले. "परवां मी बहिणीला टाकून बोललों, त्याचें होतें. ओठावर पंखा, पोटांत बहीण."

"मग पंखा बारीक केलात की नाही?"

"केला की. तोही करावा लागतो."

आतून कॉफीच्या पेल्यांचा आवाज आला. तो दुजोरा होता की नुसते पेले, हे गंधारला सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात त्याने तक्ता बनवला. लॅपटॉपवर, चार रकाने. पहिला, बोलणारा. दुसरा, ओठावर. तिसरा, पोटात. चौथा, तफावत, टक्क्यांत. उद्दिष्ट, किमान साठ. कडेला 'शेरा' असा एक जास्तीचा रकाना, कारण त्याच्याशिवाय तक्त्याला शोभा नाही. बालाजीरावांनी हा तक्ता पाहिला असता तर त्यांनी पुन्हा तारखातं उघडायला अर्ज केला असता. पण त्यांना दाखवलं कुणी? तक्ता भरायचा तर माल हवा, आणि माल घरात होता. घरात ऋजुता होती.

आता ऋजुताचं सांगायला हवं, कारण गंधार ते सांगणार नाही. त्याच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

ऋजुता गिंडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. घरही गिंडीतच, तिच्या ऑफिसपासून चालत बारा मिनिटं. गंधारची कंपनीची बस पहाटे पाच चाळीसला यायची आणि संध्याकाळी साडेसातला त्याला परत आणून टाकायची. टाकायची हाच शब्द बरोबर आहे. तो जेवायचा, एखादं वाक्य बोलायचा आणि झोपायचा. रविवारी सकाळी कथामंडळ. चार वर्षं अशी गेली होती आणि दोघांचं एकदाही मोठं भांडण झालं नव्हतं. भांडायला लागतो तेवढा दम दोघांकडे एकाच वेळी कधी नसायचाच.

तीन आठवड्यांपूर्वी तिच्या कंपनीने तिला पुण्याच्या ऑफिसात वरची जागा देऊ केली. तीस तारखेपर्यंत कळवायचं होतं. तिने जेवताना विचारलं, "काय करू? जाऊ?"

गंधारने घास गिळला आणि म्हणाला, "तू बघ. तुला योग्य वाटेल ते कर."

तिने ताटातला भात एका कडेला सारला. मग म्हणाली, "हं. बहुतेक नाही घेणार."

गंधारने 'नाही घेणार' तेवढं ऐकलं. त्यानंतर तीन आठवडे विषय निघाला नाही. कारखान्यात एखाद्या तक्रारीबद्दल तीन आठवडे कुणी विचारलं नाही की ती निकालात निघाली असं धरतात. गंधारनेही धरलं. बोल्ट 'योग्य तेवढा' पिळा असं लिहिणाऱ्या माणसाला ज्याने परवाच कागद परत पाठवला होता, तोच हा माणूस.

तर त्याने माल गोळा करायला सुरुवात केली. जेवताना, चहा घेताना, चपला काढताना ऋजुता जे बोलेल ते तो फोनवर टिपून ठेवायचा आणि बसमध्ये तक्त्यात चढवायचा.

पहिली नोंद. ओठावर: "पाण्याच्या कॅनवाल्याला सांगितलंय, आता आठवड्याला दोन नको, एकच टाक." यावर गंधारने बरीच मिनिटं विचार केला. बस श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्याला लागेपर्यंत केला. मग 'पोटात' खाली लिहिलं: आठवड्याला एकच कॅन. तफावत: शून्य.

दुसरी नोंद. "वरण लावायला शिक रे. काही कठीण नाहीये. तीन शिट्ट्या." पोटात: तीन शिट्ट्या. तफावत: शून्य.

तिसरी नोंद. कढीपत्त्याची कुंडी तिने शेजारच्या कामाक्षी मामींना देऊन टाकली. "त्यांच्याकडे ऊन चांगलं येतं." पोटात: त्यांच्याकडे ऊन चांगलं येतं. इथे मात्र त्याच्यातला तपासनीस जागा झाला आणि त्याने शेरा मारला: दोन्ही बाल्कन्या पश्चिमेला, एकाच भिंतीला. तपासणे.

तपासलं मात्र नाही.

चौथी नोंद करताना त्याला भरून आलं होतं. एका संध्याकाळी तो घरी आला तर स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली. धणे. जिरे. गोडा मसाला. तूरडाळ, आणि कंसात, धुऊन घे. गॅसच्या टाकीवर नोंदणीचा नंबर. कारखान्यात प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला नाव असावं म्हणून त्याने नऊ वर्षं घसा कोरडा केला होता, आणि इथे स्वतःच्या घरात, न सांगता.

"हे आधीच करायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो ना," ऋजुता म्हणाली आणि चिकटपट्टीचं टोक शोधायला लागली.

पाचवी नोंद एका बुधवारची. दिवा बंद केल्यावर ती म्हणाली, "तू दमत नाहीस का रे?" तो म्हणाला, "दमतो ना," आणि दमला असल्यामुळे तिथेच त्याला झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं, पोटात: दमणुकीची चौकशी. तफावत: शून्य.

तक्त्याखाली त्याने निष्कर्ष लिहिला. ऋजुताच्या बोलण्यात ओठ आणि पोट यांत फरक आढळला नाही. लिहिताना त्याला थोडा अभिमानही वाटला. बालाजीरावांना बायकोने पंखा म्हटलं की बहिणीला फोन लावावा लागतो. आपल्या घरी पंखा म्हणजे पंखा.

पण मग कथेचं काय? रविवार तर आलाच होता. त्या आठवड्यात कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकाची तपासणी होती आणि गंधार तिन्ही पाळ्यांना तोंड दाखवत होता. शनिवारी संध्याकाळी तो लिहायला बसला तेव्हा त्याच्यात भावना लिहिण्याइतकी ताकद उरली नव्हती. नायकाला काय वाटलं, का वाटलं, लहानपणी काय झालं होतं, हे सगळं सुचत होतं, पण टंकायला बोटं उचलत नव्हती. म्हणून त्याने तक्त्यातली वाक्यंच एकाखाली एक उतरवली. एक नवरा, एक बायको. बायको कॅन एक करते. कुंडी देते. डब्यांना नावं लावते. नवरा म्हणतो, हे आधीच करायला हवं होतं. शेवटी नवरा रिकामा कॅन दाराबाहेर ठेवतो आणि हात पुसतो. पुढे काय लिहावं सुचेना, म्हणून कथा तिथेच संपली. दीड पान. नाव दिलं 'एक कॅन'.

इतकी वाईट कथा आपण आजवर लिहिली नाही, असं त्याला वाटलं. पण रविवारी रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा बरी.

बालाजीरावांनी ती नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला आणि शेवटचा परिच्छेद मनातल्या मनात आणखी एकदा वाचला.

"ती कधीं जाते?" त्यांनी विचारलं.

"कोण?" गंधार म्हणाला.

"कथेंतली बाई."

"कुठे?"

बालाजीरावांनी सुष्मिताकडे पाहिलं. सुष्मिताने बालाजीरावांकडे पाहिलं.

"ताता, बघितलं?" ती आजोबांना म्हणाली. "कथा संपली तरी सांगत नाही. सूपर, अण्णा."

"नाही, पण ती कुठे जाते आहे?" गंधारने खरोखर विचारलं.

"शाबास," बालाजीराव हळूच म्हणाले. "लेखकानें असें तोंड मिटावें. तीन वर्षें मी ह्याचीच वाट बघितली. तो डब्यांवरल्या चिठ्ठ्यांचा प्रसंग बघा, पा. आपण नसूं तेव्हां ह्या माणसाला डाळ सांपडावी, म्हणून ती नांवें लावते. आणि तो मूर्ख तिला काय म्हणतो? आधींच करायला हवें होतें."

"सो स्टुपिड," सुष्मिता म्हणाली. "मला त्या हसबंडला दोन द्यावंसं वाटलं. कसा लिहिलास अण्णा असा कॅरेक्टर? मीन्स, इतका डम माणूस रिअलमध्ये नसतो, पण वाटतो रिअल."

"निरीक्षणातून," गंधार म्हणाला. तोंडाला आलं ते बोलला. त्याच्या पाठीवरून घामाची एक रेघ खाली चालली होती, पंखा पाचवर असून.

"आणि कुंडी," बालाजीराव म्हणाले. "ऊन चांगलें येतें म्हणे. दोन्हीकडे तेंच ऊन. हें नवऱ्याला दिसतें, आणि दिसून दिसत नाहीं. काय लिहिलेंत, गंधारराव."

तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्याला राव लावला होता. गंधारला वाटलं, आपण आता उठून आभार वगैरे मानावेत. पण तो उठला नाही. त्याला एकदम तक्त्यातल्या त्या पाच शून्यांची आठवण झाली.

रत्नप्रभाबाई दाराशीच उभ्या होत्या. आत गेल्या नव्हत्या. मग त्या पुढे आल्या आणि त्यांनी गंधारच्या समोरचा कॉफीचा पेला उचलला. अर्धा भरलेला होता, तरी उचलला.

"तुमच्या घरीं कॅन किती येतात?" त्यांनी विचारलं.

तीन वर्षांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"पूर्वी दोन यायचे," गंधार म्हणाला. "आता एक."

बालाजीरावांच्या चेहऱ्यावरचं कौतुक ओसरायला जरा वेळ लागला. सुष्मिताचं त्याआधीच उतरलं. तिने हातातला फोन उपडा ठेवला.

"दर रविवारीं मी तुम्हांला जेवून जा म्हणतें," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "आज म्हणत नाहीं. घरीं जा."

नुंगंबाक्कम स्टेशनात रविवारची गाडी लगेच मिळाली आणि बसायला जागाही मिळाली. दोन्हीचा काही उपयोग नव्हता. गंधारने लॅपटॉप मांडीवर उघडला आणि तक्ता काढला. कोडंबाक्कम येईपर्यंत तो नुसता बघत राहिला. समोरच्या बाकावर एक बाई मोगऱ्याची फुलं ओवत होती. तिने एकदा त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं, रकाने पाहिले आणि याचं रविवारीही ऑफिस चाललंय अशा चेहऱ्याने परत दोऱ्याकडे वळली.

एकच कॅन. एका माणसाला आठवड्याला किती पाणी लागतं? त्याने हिशेब केला नाही. करायची गरज नव्हती. तीन शिट्ट्या कुणी मोजायच्या, तेही आता कळत होतं. डाळ धुऊन घे, हे कंसात होतं. कंसात लिहिलेलं आपण आजवर कधी वाचलं नव्हतं, असं त्याच्या लक्षात आलं. सूचनापत्रकात तो कंस वापरायचाच नाही, बंदी होती.

'तू दमत नाहीस का रे'पाशी तो अडकला. हे तिने त्याला विचारलं होतं की स्वतःचं सांगितलं होतं? आणि तो म्हणाला होता, दमतो ना. म्हणजे तिने दार उघडलं होतं आणि हा उंबऱ्यावर झोपला होता.

गंधार उगाच शून्यांवरच चिडला आणि ती पाचही पुसली. त्या जागी काय भरायचं ते सुचेना. सैदापेट गेलं. उद्या तीस तारीख.

तो घरी पोचला तेव्हा दीड वाजायला आला होता. ऋजुता जेवणाच्या टेबलाशी बसली होती, समोर तिचा लॅपटॉप. स्वयंपाकघरात कुकर चढवलेला. तिने वर पाहिलं.

"लवकर आलास? जेवण नव्हतं त्यांच्याकडे?"

"रत्नप्रभाबाईंनी घालवून दिलं."

"का? कथा इतकी वाईट होती?"

"चांगली होती." गंधार खुर्ची ओढून बसला. "सगळ्यांना आवडली. सुष्मिता म्हणाली, नवऱ्याला दोन द्याव्याशा वाटल्या."

"हं," ऋजुता म्हणाली. तिच्या पडद्यावर एक मेल अर्धवट लिहून ठेवलेलं होतं. तिने ते झाकायचा प्रयत्न केला नाही. गंधारला ते वाचायचा धीर झाला नाही. त्याने आपला लॅपटॉप उघडला, तक्ता काढला आणि तिच्यापुढे सरकवला. बोलून दाखवायला त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

तिने वाचायला सुरुवात केली. तिची बोटं पडद्याच्या कडेला होती.

"हे माझं आहे?"

"हो."

"तू माझा तक्ता केलास?"

"कथेसाठी केला होता. माल म्हणून."

ऋजुताने हसावं की त्याच्या डोक्यात काही घालावं, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. ती वाचत गेली. 'निष्कर्ष' वाचून तिने डोळे मिटून घेतले, मग पुन्हा वर गेली.

"दोन्ही बाल्कन्या पश्चिमेला. तपासणे," तिने मोठ्याने वाचलं. "तपासलंस?"

"आज. ट्रेनमध्ये."

"आणि?"

"ऊन सारखंच येतं."

कुकरची एक शिट्टी झाली. दोघंही तिकडे बघून परत इकडे बघू लागले.

मग ऋजुताने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. पहिल्या नोंदीच्या वर एक नवी ओळ घातली. बोलणारा: गंधार. ओठावर: "तू बघ. तुला योग्य वाटेल ते कर." तिने तारीखसुद्धा घातली, तीन आठवड्यांपूर्वीची. तारखेचा रकाना मुळात नव्हता. तो तिने नवा केला. मग लॅपटॉप परत त्याच्याकडे वळवला.

"पोटातलं तू भर," ती म्हणाली. "मला तीन आठवडे भरता आलं नाही. मी बरेच प्रयत्न केले. एकदा वाटलं, तुला फरक पडत नाही. एकदा वाटलं, तुला सुटकाच हवी आहे. मग म्हटलं, आपणच निघायची तयारी करत जाऊ, मधे कुठेतरी हा विचारेल, काय चाललंय म्हणून. तू नावं बघून खूश झालास."

गंधारने कर्सर त्या रिकाम्या चौकोनात नेला. मग त्याने टंकलं: निर्णय घेण्याच्या तुझ्या स्वातंत्र्याचा मला आदर आहे.

ऋजुताने ते वाचलं. टेबलावर पडलेलं लाल पेन उचललं आणि त्याचं टोपण काढलं.

गंधारने वाक्य पुसलं. नीट म्हणजे किती? त्याने परत सुरुवात केली, आणि या वेळी न थांबता लिहीत गेला, ज्या वेगाने तो बोल्टाबद्दल लिहायचा त्या वेगाने.

"जाऊ नकोस. हे मी तेव्हा म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं आणि तू थांबली असतीस, तर पुढची सगळी वर्षं तू माझ्यामुळे थांबलेली असतीस, आणि रोज साडेसातला घरी येऊन मला ते बघावं लागलं असतं. मला त्याची भीती वाटली. म्हणून मी तुझ्यावर ढकललं आणि त्याला मोठेपणाचं नाव दिलं. मी दमलो आहे. तू पण दमली आहेस, हे मला दिसत होतं, पण दोघं दमलो आहोत म्हटलं की काहीतरी बदलावं लागतं, म्हणून मी झोपून जायचो. जायचं असेल तर मीही तिकडे नोकरी बघतो, चाकणला कारखाने आहेत. पण आधी जाऊ नकोस. आधी हे बोलू."

त्याने हात खाली घेतले. चौकोन फुगून अर्ध्या पडद्यावर पसरला होता. बालाजीरावांच्या हातात पडला असता तर त्यांनी यातला एक शब्द शिल्लक ठेवला नसता. इथे तारेतली आई गेली, असं स्पष्ट लिहिलं होतं, पाचही कारणांसकट.

ऋजुताने सगळं वाचलं. मग परत वाचलं. तिच्या हातातल्या पेनाचं टोपण तिने लावलं.

"हे कथेत चाललं नसतं," ती म्हणाली.

"नाही. छाटलं असतं."

"तू चाकणला चौकशी केलीस?"

"नाही. आत्ता लिहितानाच सुचलं."

"बरं."

ती आपल्या लॅपटॉपकडे वळली. अर्धवट मेलमधल्या ओळी एकेक करत मागे गेल्या. मग तिने दोनच नव्या ओळी लिहिल्या. त्या गंधारला बसल्या जागेवरून दिसल्या. घरी काही गोष्टी ठरायच्या आहेत, आणखी एक आठवडा द्यावा. तिने मेल पाठवलं, झाकण मिटलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"ते देतीलच असं नाही," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी जाणारच नाही, असंही मी म्हणत नाहीये."

"तसं म्हणत नाहीयेस."

कुकरची शिट्टी झाली.

"तीन झाल्या. बंद कर."

गंधारच्या मोजणीप्रमाणे दोनच झाल्या होत्या. तो उठला आणि त्याने गॅस बंद केला. शेगडीवरच्या फळीवर डबे ओळीने होते, तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेले. धणे. जिरे. त्यांच्याकडे बघून आता खूश होता येत नव्हतं. पण चिठ्ठ्या काढून टाकाव्यात असंही वाटत नव्हतं. डाळ शेवटी सापडायलाच हवी.

"आणि कॅनवाल्याला फोन कर," बाहेरून ऋजुता म्हणाली. "या आठवड्यापुरते दोन सांग."

'या आठवड्यापुरते म्हणजे?' हे गंधारच्या ओठावर आलं. ते त्याने तिथेच ठेवलं आणि फोन लावला.

"अण्णा, रेंडु कॅन," तो म्हणाला. दोन कॅन. एवढं तमिळ त्याला चार वर्षांत आलं होतं.

पलीकडे कॅनवाला गोंधळला. मॅडमने तर एकच सांगितला होता. मग दोन कुणी सांगितले, सारने की मॅडमने? आणि याच आठवड्याला, की आता कायमचे दोन?

गंधारने फोनवर हात ठेवला आणि दारातून बाहेर डोकावला. "तो विचारतोय, कायमचे दोन का?"

ऋजुता लाल पेन टेबलावर गोल फिरवत होती. ते थांबेपर्यंत तिने वाट पाहिली.

"त्याला सांग, बघू."

'बघू'ला तमिळमध्ये काय म्हणतात, ते गंधारला चांगलं येत होतं. ओरगडमला दिवसातून निदान वीस वेळा कुणी ना कुणी ते त्याला म्हणायचं आणि प्रत्येक वेळी तो विचारायचा, नक्की कधी.

"पाक्कलाम," तो फोनमध्ये म्हणाला.

"शेरी, सार," कॅनवाला म्हणाला. त्याला तेवढं पुरलं. त्याने फोन ठेवला.